देवदूताचे डोळे, खड्ड्यातली चाकं

२००० साली बीएमडब्ल्यूने पाच सिरीजच्या दिव्यांत ‘देवदूताचे डोळे’ म्हणून ओळखली जाणारी उजळती वलयं बसवली आणि आपल्याकडच्या जुन्या हॅचबॅकनाही देवत्वाचे डोहाळे लागले. कृती सोपी. हेडलाइट उतरवा, ओव्हनमध्ये घालून काचेभोवतीचा सीलंट मऊ करा, काच उचकटा, एलईडीची रिंग चिकटवा, वायर पार्किंग लाइटला जोडा. त्यानंतर घरात केक बेकरीतूनच येतो. सीलंट नीट बसला नाही, की पहिल्याच पावसात काचेला आतून बाष्प धरतं. मग वलय झळकतं, रस्ता दिसत नाही. गाडीतल्या फेरफारांवर बंधन घालणाऱ्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ची ओळख बहुधा दंडाच्या पावतीवर होते. तेव्हा हौशी मंडळींनो, आधी पिवळी पडलेली काच पॉलिश करून घ्या आणि झोत खाली करा. समोरच्याला देवदूत नको, खड्डा दिसायला हवा.