उत्तर तयार, प्रश्न मागवला आहे

देवळाली कॅम्पातील तोफखान्याच्या शाळेत तोफ डागण्यापूर्वी लक्ष्य निश्चित करण्याचा जो रिवाज आहे, तो कृत्रिम बुद्धिमत्तेच्या यंत्रसामग्रीच्या बाजारात अद्याप पोचलेला नाही. आणि ते एका परीने बरेच झाले, कारण पोचला असता तर लॅम रोडवर बिऱ्हाड करून राहिलेल्या आमच्या एका स्नेह्याची नोकरी केव्हाच संपुष्टात आली असती. सोल्यूशन आर्किटेक्ट हा त्याचा हुद्दा. विक्री खात्याने ग्राहकाला जे जे कबूल करून ठेवले असेल, ते ते पदार्थविज्ञानाच्या नियमांत कसेबसे बसवून दाखवणे, ही त्याची कामगिरी.

परवा द्राक्षनिर्यात करणाऱ्या एका संस्थेच्या संचालक मंडळापुढे तो हजर झाला, तेव्हा एनव्हिडियाची डीजीएक्स एच-१०० ही कृत्रिम बुद्धिमत्तेची संगणक-पेटी खरेदी करण्याचा ठराव एकमताने मंजूर झालेला होता.

"यंत्राकडून काम कोणतं करून घ्यायचंय?" त्याने अदबीने विचारले.

"ते तुम्ही सांगायचं, साहेब," अध्यक्ष म्हणाले. "त्यासाठीच तर बोलावलं तुम्हाला."

आठ चिपांची ही पेटी कमाल १०.२ किलोवॅट वीज खाते, म्हणजे खोलीत दहा हीटर अखंड पेटते ठेवण्यासारखेच आहे, असे त्याने निवेदन करताच एका संचालकांनी तोडगा काढला: "मग ठेवू की शीतगृहात, द्राक्षांशेजारी!" द्राक्षांना मानवणारी नव्वद टक्क्यांवरची आर्द्रता यंत्राला मानवत नाही, हे समजावण्यात चहाची दुसरी फेरी झाली. अखेरीस चौकशीअंती निष्पन्न झाले ते एवढेच, की सभासदांच्या अर्जांची छाननी लवकर व्हावी. आणि तेवढ्यासाठी महिन्याकाठी काही तास भाड्याने घेतलेली चिप पुरेशी होती. हा प्रामाणिक सल्ला त्याने दिला मात्र, त्याच्याच विक्री खात्याने त्याच्याकडून लेखी खुलासा मागवला.

एके काळी चित्र नेमके उलटे होते. ऐंशीच्या दशकात अमेरिकेने प्रगत महासंगणक देण्याचे नाकारले, तेव्हा आपल्यापाशी हवामानासारखे प्रश्न होते आणि यंत्र नव्हते. म्हणून १९८८ साली पुण्यात सी-डॅक ही संगणक-संशोधन संस्था स्थापन झाली आणि १९९१ साली तिचा 'परम ८०००' हा महासंगणक उभा राहिला. आता केंद्राने २०२४ मध्ये इंडियाएआय मिशनसाठी १०,३७२ कोटी रुपये मंजूर केले आहेत. तेव्हा यंत्रांची ददात राहणार नाही.

सर्व सन्माननीय संचालकांना विनंती एवढीच, की ठराव मांडण्यापूर्वी यंत्राला विचारायचा एक तरी प्रश्न इतिवृत्तात नोंदवावा. आणि तो सुचत नसल्यास, निदान महावितरणच्या बिलावर आपला मंजूर भार किती छापला आहे, तेवढे तरी पाहून घ्यावे.