टिपरे आबांच्या सुरकुत्या

आवडी, चेन्नई ५४

ती. आई-बाबांस,


डबा पोचला. भाजणी संपत आली. मेतकूट तुमच्या सूनबाईने कपाटात लपवलंय, कारण शेजारच्या मामींना ते त्यांच्या परुप्पु पोडीचं लांबचं नातेवाईक वाटलं आणि त्या वाटी घेऊन येऊ लागल्या. देश एकच असला तरी आम्ही इथे परदेशीच. लोकलमध्ये कुणी मराठी बोलताना ऐकू आलं की आम्ही मान वळवून बघतो, आणि तो माणूस मोबाईलवर रील बघत असतो.

कारखान्याचं काय चाललंय, असं विचारलंत. बाबा, अंबरनाथच्या कारखान्यात तुमची हयात गेली. रणगाड्यांबद्दल पत्रात अवाक्षर लिहायचं नसतं हे मी तुम्हाला काय सांगणार! म्हणून घरातल्या लढाईबद्दल लिहितो. ती ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’वरून पेटलीय.

मुलांचं मराठी तमिळ-इंग्रजीत विरघळायच्या आत त्यांना टिपरे दाखवायचे, असं सूनबाईने फर्मान काढलं. चिरंजीवांनी तत्काळ शोधून काढली ‘फुल एचडी, सुधारित’ आवृत्ती. लावली, आणि आम्ही सगळे गप्प. आबांच्या सुरकुत्या गेलेल्या! कपाळ इस्त्री केल्यासारखं. केदार शिंदेंनी २००१ साली अल्फा मराठीवर ही मालिका आणली तेव्हा आबा झालेले दिलीप प्रभावळकर साठीच्याही अलीकडे होते. म्हातारपण सगळं रंगभूषेचं आणि त्यांच्या अभिनयाचं. त्यातली रंगभूषा चित्र ‘सुधारणाऱ्या’ यंत्राने पुसून टाकली. उरला अभिनय. राजन भिसेंचा शेखर आणि त्याचे वडील शेजारी उभे राहिले तर धाकटी विचारते, “यांतला बाबा कुठला?”

बाजूचे सर इथल्या रणगाडा संशोधन संस्थेतून निवृत्त झालेत, त्यामुळे काचेतून दिसणाऱ्या कुठल्याही गोष्टीवर त्यांचं मत असतं. त्यांनी हिशेब मांडून दिला. त्या काळच्या आपल्या टीव्हीच्या एका चित्रात दिसणाऱ्या ओळी ५७६, आणि संगणकाच्या भाषेत एका ओळीत ठिपके ७२०. म्हणजे सव्वाचार लाखांच्या आतच ठिपके. फुल एचडीच्या पडद्यावर ते वीस लाखांच्या वर लागतात. मधले कुठून आणणार? यंत्र मनाने भरतं. सुरकुती की टेपेवरची खरखर, हे त्याला कळत नाही, म्हणून ते दोन्ही पुसतं. ‘तमस’सारखी मालिका फिल्मवर चित्रित झाली होती, तिची मूळ फिल्म पुन्हा स्कॅन केली तर नवं काही हाती लागतं. व्हिडिओ टेपेवर जे उतरलं नाही ते आता ब्रह्मदेवालाही काढता यायचं नाही.

दुसरी आवृत्ती ताणलेली. चार बाय तीनचं चित्र सोळा बाय नऊमध्ये कोंबलेलं. त्यात सगळे टिपरे अंगाने सुटलेले, दिवाणखाना आमच्या सरकारी क्वार्टरपेक्षा मोठा. सूनबाईला ती आवडली. म्हणाली, “निदान शेखरची बायको झालेल्या शुभांगी गोखलेही माझ्याएवढ्याच दिसतात.” मी बोललो नाही.

तिसरीत आबांचा नातू शिऱ्या धावत आला की त्याच्या शर्टाला कंगव्याचे दाते फुटतात. सर म्हणाले, जुन्या टीव्हीत एक चित्र दोन हप्त्यांत यायचं, आधी विषम ओळी, मग सम, दोन्हींत एकपन्नासांश सेकंदाचं अंतर. शिऱ्या तेवढ्यात पुढे सरकलेला असतो. काचेच्या नळीवर ते खपून जायचं, सपाट पडद्यावर नीट जुळवलं नाही तर दाते दिसतात.

आणि चौथी आवृत्ती तुमची, बाबा. केबलवरून टेप केलेली, दुकानदाराने पेनड्राइव्हवर उतरवून दिलेली. व्हीएचएसवर तपशील जेमतेम २४० रेघांचा, रंग चेहऱ्याबाहेर सांडलेले. खालून केबलवाल्याची पट्टी सरकते: ‘ग्राहकांनी बिल दहा तारखेच्या आत भरावे.’ वीज गेली की भाग तिथेच संपतो, मग पुढच्या आठवड्याची सुरुवात. पण आबा म्हातारे आहेत, घर घराएवढं आहे, आणि साबणाच्या जाहिरातीसुद्धा आहेत. मुलांना जाहिराती टिपऱ्यांपेक्षा जास्त आवडल्या, हे दुःख वेगळं.

तुम्ही म्हणाल, आम्ही १९७७ मध्ये याच प्रभावळकरांचा चिमणराव कृष्णधवल पाहिला, पडद्यावर मुंग्या चालायच्या, तरी पोट धरून हसायचो. खरं आहे. पण तेव्हा रिमोट नव्हता. याच आवडीत १९५५ साली काँग्रेस अधिवेशनात समाजवादी धर्तीच्या समाजरचनेचा ठराव झाला, त्याची हवा आमच्या रिमोटपर्यंत काही पोचलेली नाही. तो चिरंजीवांच्या ताब्यात असतो. त्यात मामींनीही ‘चित्ती’ची मागणी नोंदवलीय. ती राधिकाची मालिका सन टीव्हीवर १९९९ ते २००१ चालली, आणि मामींच्या मते तिच्यापुढे टिपरे म्हणजे अख्ख्या भागात एकही रडारड नसलेलं काहीतरी अपूर्ण. मात्र आबा चष्मा पुसू लागले की भाषा कळत नसूनही सगळ्यात आधी त्याच हसतात.

शेवटी निकाल सरांनीच दिला: न ताणलेली, न ‘सुधारलेली’, साधी चौकोनी आवृत्ती बघायची, दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या राहू द्यायच्या. चिरंजीवांना त्या पट्ट्या म्हणजे पैसे देऊन घेतलेल्या टीव्हीचा अपमान वाटतो. चालायचंच.

आता कामाचं. व्हीसीआर भंगारवाल्याला देऊ नका. उरलेल्या टेपा पावसाळ्यात खालच्या कप्प्यात नकोत, वर कोरड्या जागी उभ्या ठेवा. बुरशी दिसली तर लावून बघू नका, हेड खराब होईल आणि पुढच्या टेपेलाही लागण होईल. दिवाळीत येईन तेव्हा सगळ्या घेऊन जातो.

आणि आई, ‘ताईचं लग्न’ अशी चिठ्ठी लावलेली टेप तू एवढ्यात बघू नकोस. तिच्यात पाचव्या पावलानंतर एकदम टिपरे सुरू होतात. का, ते बाबांना विचार.

आपला,
चिरंजीव