साठ म्हणजे साठ!

शेजारी सुतारकाम आटोपलं की लोक नवं कपाट पाहायला जातात. काकाजी कचरा पाहायला जातात. "काहून फेकता बाप्पा? कामात येते!" म्हणत सागाच्या, अक्रोडाच्या विनियरचे तुकडे पिशवीत भरतात. आता तर सुतारच त्यांची पिशवी वेगळी काढून ठेवतो. निवृत्त, चष्मा कपाळावर आणि खिशात मुलाच्या जुन्या कंपासपेटीतला कोनमापक, असे काकाजी वर्ध्यात गल्लीगणिक सापडतील.

विनियर म्हणजे लाकडाचा जेमतेम अर्धा मिलिमीटर जाडीचा पापुद्रा. त्यातून काकाजी कानातले, पदकं, दिवाळीचे तारे घडवतात. लाकडाच्या रेषांना आडवं कापलं तर टोक तुटतं, म्हणून मागून आधी चिकटपट्टी. मे महिन्यात वर्ध्याच्या उन्हात तुकडे पापडासारखे वळतात. मग त्यांच्यावर पाणी शिंपडून वर काकूंचा पाटा. त्या दिवशी घरात चटणी नसते.

काकाजींचं ब्रीद एकच, "साठ म्हणजे साठ!" साठ अंशांच्या कोनाचे सहा समभुज चौकोन टोकाला टोक भिडवले की सहा टोकांचा तारा होतो. प्रत्येक कोन अर्ध्याच अंशाने कमी भरला, तरी शेवटी तीन अंशांची फट राहते. कोणी भुसा आणि फेविकॉल भरून ती बुजवायला सुचवलं, की काकाजी दिवसभर त्याच्याशी बोलत नाहीत. हातकामातून शिक्षण द्यायचा विचार गांधीजींनी 1937 साली वर्ध्यातच शिक्षण परिषदेपुढे मांडला होता. काकाजींना परिषद लागत नाही. दारावरून जाणारं एखादं पोट्टं पुरतं. भूमितीत नापास झालेलं असलं तर उत्तमच.

तारा भेट देतात, पण सोडत नाहीत. चहाच्या निमित्ताने तपासणीला येतात. "मोरीजवळ नको लावू वो बाई, ओल लागली की सुटते." त्यांच्या चपलांचा आवाज आला की घरोघरी कोणीतरी कपाटातला तारा काढून खिळ्याला अडकवायला धावतं.

परवा सुनेने भाचीच्या लग्नाला मुद्दाम त्यांचेच कानातले घातले. आम्ही म्हटलं, आता काकाजी विरघळणार. त्यांनी चष्मा डोळ्यांवर घेतला, वाकून पाहिलं आणि हात पुढे केला.

"डावं थोडंसं कमी पडून राहिलं. काढ बरं."

सून एकाच कानातल्यावर लग्नाला गेली. तिथे तिघींनी विचारलं, ही नवी फॅशन का?