ओटीपी न विचारणारा चोर

ओटीपी कुणालाही सांगायचा नाही, हे आता शेंबड्या पोरालाही पाठ आहे. मध्यंतरी कुणालाही फोन लावला की पलीकडचा माणूस ‘हॅलो’ म्हणायच्या आत अमिताभ बच्चन सायबर चोरांबद्दल बजावून जायचे. लोक वैतागले, आणि जून २०२५मध्ये ती धून बंद झाली. धून गेली, पण धडा पक्का बसला. ओटीपी सांभाळायचा, बाकी काळजी नाही.

अडचण एवढीच की कॉम्प्युटरवर बसलेल्या चोराला तुमचा ओटीपी नकोच असतो.

त्याला हवी असते कुकी. तुम्ही ईमेलला पासवर्ड दिलात, ओटीपी दिलात, आत गेलात. रोज रोज तेच विचारायला नको म्हणून ती साइट तुमच्या ब्राउझरमध्ये एक चिठ्ठी ठेवते. ‘या इसमाची तपासणी झालेली आहे, आत सोडावे.’ ही चिठ्ठी तुमच्याच डिस्कवर एका फाइलमध्ये पडून असते. चोर ती उचलतो, आपल्या कॉम्प्युटरवर नेऊन ठेवतो, आणि साइट त्याला तुम्ही समजून आत घेते. ओटीपीचा प्रश्नच येत नाही, तो तुम्ही मागेच भरून झालेला असतो. बँकांच्या साइटी पाच-दहा मिनिटांत आपल्याला बाहेर हाकलतात, म्हणून आपण त्यांना शिव्या घालतो. त्या शिव्या परत घ्या. ईमेल मात्र महिनोन् महिने उघडं असतं, आणि उरलेल्या सगळ्या खात्यांचे पासवर्ड बदलण्याच्या लिंका येतात त्याच ईमेलवर.

हे काम करणाऱ्या प्रोग्रामांना इन्फोस्टीलर म्हणतात. रेडलाइन, रकून, विडार, लुमा अशी नावं. कुकीबरोबर ते ब्राउझरने ‘लक्षात ठेवलेले’ पासवर्ड, कार्डांचे नंबर, क्रिप्टोची पाकिटं, डेस्कटॉपवरच्या फाइलीही नेतात. तुमच्यापैकी काहींच्या डेस्कटॉपवर ‘पासवर्ड’ याच नावाची फाइल आहे. नाव असं सोपं ठेवलं की चोराला शोधाशोध करावी लागत नाही.

आता हा आत येतो कसा? आपण बोलावतो म्हणून. फुकट ते पौष्टिक हा आपला जुना आहारविचार. हजारोंचं फोटोशॉप क्रॅक करून देणारा व्हिडिओ सापडतो, त्याखाली लिंक, लिंकमध्ये झिप फाइल, झिपला पासवर्ड १२३४. पासवर्ड का? तर अँटिव्हायरसला आत डोकावता येऊ नये म्हणून. शिवाय सोबत सूचना असते, ‘इन्स्टॉल करण्यापूर्वी अँटिव्हायरस बंद करा.’ म्हणजे चोर फाटकाबाहेरून ओरडतोय, आधी कुत्रं बांधा, मग मी येतो. आणि आपण बांधतो.

फुकटचं काही न घेणाऱ्या सज्जनांसाठी २०२४पासून वेगळी सोय झाली आहे. ‘मी रोबो नाही’ हे सिद्ध करायला एरवी आपण झेब्रा क्रॉसिंगचे आणि बसचे फोटो ओळखत बसतो. खोटं पान म्हणतं, त्यापेक्षा सोपं आहे: विंडोजची कळ आणि आर दाबा, मग कंट्रोल आणि व्ही, मग एंटर. पानाने एक आदेश गुपचूप कॉपी करून ठेवलेला असतो. तो तुम्ही स्वतःच्या हाताने चिकटवता आणि स्वतःच्या हाताने चालवता. ‘का’ असं न विचारता तीन आज्ञा ओळीने पाळायच्या आणि आपण रोबो नाही हे दाखवून द्यायचं!

मग तो आत दडतो कसा, हे ऐकण्यासारखं आहे. दहावीत त्रिकोणमिती कशाला शिकवतात, पुढे आयुष्यात कुठे लागते, असं दरवर्षी विचारलं जातं. लुमाच्या कारागिरांना लागली. संशयित प्रोग्राम तपासायचा असला की सुरक्षा कंपन्या तो एका नकली कॉम्प्युटरवर चालवून बघतात. तिथे माणूस नसतो, त्यामुळे माउस एक तर हलत नाही किंवा टुणकन उडी मारतो. २०२३च्या अखेरीस उजेडात आलेला लुमाचा अवतार माउसच्या लागोपाठच्या पाच जागा टिपायचा आणि त्या जोडणाऱ्या रेषांमधले कोन मोजायचा. ४५ अंशांच्या आत वळत गेला तर हात माणसाचा. मग काम सुरू. नाहीतर गप्प. ज्यांना हे गणित जमत नाही ते फाइलमध्ये नुसती शून्यं भरून ती काहीशे एमबीची करतात. इतकं मोठं धूड तपासायचा अनेक स्कॅनरांना कंटाळा येतो. काही जण विंडोजच्याच एखाद्या सभ्य प्रोग्रामच्या पोटात शिरून काम करतात, म्हणजे टास्क मॅनेजर उघडला तरी दिसतो तो सभ्यच. चोरीचा माल कुठे पाठवायचा याचा पत्ताही दर वेळी प्रोग्राममध्येच लिहिलेला नसतो. विडार आणि लुमा तो टेलिग्रामवरून किंवा गेमच्या साइटवरच्या एखाद्या प्रोफाइलच्या नावातूनही वाचून घेतात.

रशियाच्या गोतावळ्यातली भाषा असलेला कॉम्प्युटर दिसला की रकून आल्या पावली परत जायचा. घराजवळच्या पोलिसांची भीती. मराठी कळफलक असलेल्यांना अशी सवलत नाही.

पण या सगळ्याहून भारी दडण्याची जागा म्हणजे न थांबणं. जुनं हेरगिरीचं सॉफ्टवेअर मुक्काम ठोकायचं. २००५ साली तर सोनी बीएमजी या सभ्य कंपनीने गाण्यांच्या सीडीमधून लोकांच्या कॉम्प्युटरवर असं काही घुसवलं होतं, जे स्वतःला विंडोजपासून लपवायचं आणि त्या आडोशाला मग दुसरे व्हायरसही येऊन बसले. आजचे स्टीलर काही मिनिटांत माल बांधतात, पाठवतात, आणि त्यातले बरेचसे स्वतःला पुसून टाकून निघून जातात. तुम्ही आठवड्याने स्कॅन करता. ‘कोणताही धोका आढळला नाही.’ खरंच आढळत नाही. कॉम्प्युटर स्लो होत नाही, जाहिराती नाचत नाहीत, आपण हिरवी खूण बघून निर्धास्त.

माल मग बाजारात जातो. जेनेसिस मार्केट नावाच्या दुकानात एकेका माणसाचा अख्खा ब्राउझर विकायला असायचा, किंमत एक डॉलरच्या आतपासून काहीशे डॉलरपर्यंत. एप्रिल २०२३मध्ये पोलिसांनी ते बंद पाडलं तेव्हा पंधरा लाखांवर कॉम्प्युटरांचा ऐवज तिथून गेलेला होता. मोहिमेचं नाव ‘कुकी मॉन्स्टर’. पोलिसांनाही विनोद सुचतो, फक्त उशिरा.

चोरी करणाराही आता चोर राहिलेला नाही, तो ग्राहक झाला आहे. रकून महिन्याला दोनशे डॉलर भाड्याने मिळायचा. मार्च २०२२मध्ये त्या मंडळींनी जाहीर केलं की आमचा मुख्य प्रोग्रामर युक्रेनच्या युद्धात कामी आला, सबब सेवा स्थगित. शोकसंदेश वाचून गिऱ्हाइकंही हळहळली असतील. प्रत्यक्षात या मंडळींपैकी मार्क सोकोलोव्स्की हा गृहस्थ नेदरलँड्समध्ये अटकेत होता. युद्ध सुरू झाल्यावर तो पोर्शे गाडीतून मैत्रिणीसह युक्रेन सोडून निघाला होता, आणि मैत्रीण वाटेत इन्स्टाग्रामवर फोटो टाकत होती. पाच कोटींहून जास्त पासवर्ड आणि ओळखीच्या तपशिलांचा ऐवज ज्याच्या यंत्राने गोळा केला, त्याचा माग काढायला मैत्रिणीचे फोटोही कामी आले. डिसेंबर २०२४मध्ये त्याला अमेरिकेत पाच वर्षांची शिक्षा झाली.

‘माझ्या कॉम्प्युटरमध्ये चोरण्यासारखं आहेच काय’ म्हणणाऱ्यांसाठी २०२४चं स्नोफ्लेक प्रकरण. ही कंपनी मोठमोठ्या उद्योगांचा डेटा सांभाळते. तिचे सुमारे १६५ ग्राहक धोक्यात आले, त्यात एटी अँड टी आणि तिकीटमास्टरसारखी नावं होती. स्नोफ्लेकचं कुलूप कुणी फोडलंच नाही. इन्फोस्टीलरांनी आधीच चोरलेले पासवर्ड तिथे चालले, त्यातले काही तर २०२०पासूनचे, इतक्या वर्षांत कुणी न बदललेले. चौकशीत असंही निघालं की काही पासवर्ड कंत्राटी कर्मचाऱ्यांच्या अशा लॅपटॉपवरून गेले, ज्यांवर गेमही खेळले जात आणि चोरीचं सॉफ्टवेअरही उतरवलं जाई. घरच्या लॅपटॉपवर ऑफिसचं काम करता ना? मुलाला त्यावर गेमचं ‘चीट’ डाउनलोड करू देता ना? चोरण्यासारखं आहे ते एवढंच.

आणि सगळं खापर वापरणाऱ्याच्याच डोक्यावर का? ‘पासवर्ड लक्षात ठेवू का’ म्हणून ब्राउझर मागे लागतो. तो पासवर्ड कुलपात ठेवतो खरा, पण तुमच्या नावाने चालणाऱ्या कुठल्याही प्रोग्रामने मागितलं की विंडोज ते कुलूप वर्षानुवर्षं उघडून देत आलं. क्रोमने जुलै २०२४मध्ये कुकीसाठी नवं कुलूप बसवलं, सप्टेंबरपर्यंत स्टीलरवाल्यांकडे त्याची किल्ली होती. फाइलच्या नावाचं शेपूट लपवायची खोड विंडोजने आजही सोडलेली नाही, म्हणून ‘बिल.पीडीएफ.ईएक्सई’ आपल्याला नुसतं ‘बिल.पीडीएफ’ दिसतं. एवढं सगळं आपल्यापासून लपवून ठेवल्यावर सल्ला काय, तर सावध राहा.

मे २०२५मध्ये मायक्रोसॉफ्ट आणि पोलिसांनी मिळून लुमाचे सुमारे २,३०० डोमेन ताब्यात घेतले. त्याआधीच्या दोन महिन्यांत त्याने ३ लाख ९४ हजार विंडोज कॉम्प्युटर नासवले होते. या लुमाचा लोगो एक पक्षी आहे, आणि विक्रेत्याच्या मते तो शांततेचं प्रतीक. काही आठवड्यांत पक्षी पुन्हा उडायला लागला.

तेव्हा शंका आली तर त्याच कॉम्प्युटरवर बसून पासवर्ड बदलू नका, नवाही तिकडेच जाईल. दुसऱ्या स्वच्छ यंत्रावरून आधी ईमेल उघडा, सगळ्या उपकरणांवरून लॉगआउट व्हा म्हणजे चोरलेली चिठ्ठी रद्द होते, आणि मग पासवर्ड बदला. बिघडलेल्या कॉम्प्युटरवर विंडोज नव्याने टाका. पैसे गेले असतील तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करा. आणि त्या विंडोजची क्रॅक केलेली प्रत शोधू नका.