सातबारा कुणाच्या नावावर?

देवगडला आमची हापूसची बाग आहे, असं पुण्यात सांगितलं की समोरच्याच्या डोळ्यांत एकदम आदर येतो. सातबारा दाखवला की तो जातो. कलमं सव्वाशे आणि नावं एकोणीस. त्यातले अठरा जण मे महिन्यात फोन करतात, एकटे अण्णा बारा महिने फवारणी करतात.

इतकी वर्षं आंबा वाशीला दलालाकडे जायचा आणि जी येईल ती पट्टी आम्ही गुपचूप खिशात घालायचो. मग एका वर्षी पट्टी अशी आली की तिच्यात पेटीच्या लाकडाचेही पैसे निघाले नाहीत. मी म्हटलं, अण्णा, आपली वेबसाइट काढू आणि गिऱ्हाइकाला थेट विकू. अण्णांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि एकच प्रश्न विचारला, ‘तिचो सातबारो कोणाच्या नावार ऱ्हवतलो?’

मी हसलो. हे हसणं पुढे महागात पडायचं होतं.

कंपन्या बघायला निघालो. पहिला होता मित्राच्या शेजाऱ्यांचा मुलगा, बी. ई. कॉम्प्युटर. बारा हजारांत करतो म्हणाला. त्याच महिन्यात त्याला बंगळूरला नोकरी लागली आणि आमच्या ॲडव्हान्सचे पेढे झाले. दुसऱ्याने साडेतीन लाख सांगितले आणि वर ‘गुगलच्या पहिल्या नंबरवर आणून दाखवतो, लेखी हमी’ असंही सांगितलं. खुद्द गुगलच सांगतं की अशी हमी कुणालाच देता येत नाही. पण हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. त्याच्यापासून मला वाचवलं ते केवळ साडेतीन लाखांनी.

तिसरी कंपनी बाणेरची. काचेचं ऑफिस, बीन बॅगा, कॉफीचं यंत्र. पंच्याऐंशी हजार. अण्णा मुद्दाम आले होते. बीन बॅगेत बसल्यावर त्यांना उठवायला दोघं लागले. समोरच्या मुलीने विचारलं, ‘काका, तुमचा ब्रँड माणूस असता, तर कोण असता?’ अण्णांनी बराच विचार करून सांगितलं, ‘कोणी पण. तलाठी सोडून.’ तिने ते वहीत लिहून घेतलं.

हापूसला 2018 साली जीआय मानांकन मिळालंय, ते ठळक टाका, असं मी सांगितलं. तिचा सहकारी म्हणाला, ‘जीआय म्हणजे पत्रा ना? पॅकिंगला वापरता का?’ तिथेच उठायला हवं होतं. पण बीन बॅगेतून उठणं सोपं नसतं.

दीड तासात रंगांवर चर्चा झाली, फॉन्टवर झाली, लोगोतलं पान उजवीकडे वळवावं की डावीकडे यावर झाली. आंबा पिकवता कसा, पेटी किती डझनांची, साका निघाला तर काय करता, हे एकानेही विचारलं नाही. साका म्हणजे वरून सोन्यासारख्या दिसणाऱ्या हापूसच्या पोटात निघणारा पांढरट, स्पंजासारखा भाग. फळ कापेपर्यंत कळत नाही. या कंपनीला तो शब्द मी सांगायला हवा होता.

साइट फेब्रुवारीत मिळणार होती. एप्रिलमध्ये नमुना आला. पहिल्याच पानावर लालभडक गालांचा आंबा. अण्णांनी मोबाइल लांब धरला, जवळ धरला आणि ओळखपरेडीतल्या साक्षीदाराच्या सुरात म्हणाले, ‘ह्यो आमचो आंबो न्हय.’ खरंच नव्हता. शोधल्यावर कळलं, ती फ्लोरिडात जन्मलेली टॉमी ॲटकिन्स नावाची जात. कंपनीला ती आयत्या फोटोंत सापडली होती. खाली ‘आमच्याविषयी’ या मथळ्याखाली लोरेम इप्सम वगैरे मजकूर. ही जागा भरायची भाषा, म्हणाले. मी वाचलं की हे सिसेरो नावाच्या रोमन वकिलाच्या इसवी सनापूर्वी 45 मधल्या ग्रंथाचे मोडलेले तुकडे आहेत. अण्णांना सांगितलं. ‘वकिलाचा? मगे तरीच समजणा नाय.’

आमचा मराठी मजकूर जुन्या डीटीपीच्या फॉन्टात होता. युनिकोड नसल्यामुळे साइटवर त्याची सगळी किडामुंगी झाली. आणि वर बागेवरून ड्रोन उडतानाचा व्हिडिओ. बाणेरच्या मोठ्या पडद्यावर तो पाहून माझे डोळे भरून आले होते. आमच्या गावात रेंज मिळते ती फक्त मागच्या जांभळीखाली, तीही एक दांडी. तिथे तो ड्रोन तीन दिवस उडाला नाही.

सगळं दुरुस्त होऊन साइट सुरू झाली ती सात जूनला, मृगाच्या पहिल्या पावसाबरोबर. बागेत तेव्हा औषधालाही आंबा नव्हता.

पुढच्या वर्षी कंपनीने देखभालीचे तीस हजार मागितले. मी म्हटलं, नको, दुसरीकडे नेतो. ‘न्या की,’ म्हणाले. नवीन माणसाने डोमेनचा लॉगिन मागितला, तेव्हा नोंदणी कुणाची आहे ते मी पहिल्यांदा पाहिलं. मालक म्हणून कंपनीचं नाव. आडनाव आमचं, बाग आमची, पैसे आमचे आणि कब्जेदार बाणेरचा. ‘ट्रान्सफर’चे चाळीस हजार.

अण्णा ओरडले नाहीत. फक्त म्हणाले, ‘कूळ लागला.’

ज्यांच्या घरात कुळकायदा आलेला नाही, त्यांना या दोन शब्दांचं वजन कळायचं नाही. 1 एप्रिल 1957 नंतर आजोबांची भातखाचरं कुळाच्या नावावर झाली. त्यात काही गैर झालं नाही, राबत होतं ते कूळच. इथे मात्र फवारणी अण्णांची आणि कूळ वातानुकूलित.

चाळीस हजार दिले नाहीत. ते नाव सोडलं.

शेवटी साइट केली कुडाळच्या एका मुलीने, अठरा हजारांत. तिचा पहिला प्रश्न होता, ‘काका, साका निघाला तर पैसे परत देता काय?’ अण्णांनी तिला लगेच चहा सांगितला. तिने आढीतले, गवतात निजलेले आंबे स्वतःच्या मोबाइलवर टिपले. एकच पान, भाव, पेटीचं माप, व्हॉट्सॲपचं बटण. मग जांभळीखाली जाऊन, उघडतं की नाही ते बघून आली. आणि डोमेन घेताना अण्णांनाच शेजारी बसवून त्यांच्या ईमेलवर, त्यांच्या कार्डाने घेतलं. पावती अण्णांनी छापून सातबाऱ्याच्या फायलीत लावली आहे.

मागच्या आठवड्यात बोरिवलीच्या चुलतभावाचा फोन आला. साइटवर आडनाव सगळ्यांचं आहे, तेव्हा डोमेनलाही सगळ्यांची नावं लागली पाहिजेत. अण्णा म्हणाले, फेरफाराचा अर्ज कर. वर्षाचे आठशे रुपये, एकोणीस हिश्शांत प्रत्येकी बेचाळीस रुपये अकरा पैसे. अजून एकाचेही आलेले नाहीत.