आगीची हद्द

आपल्या शहरात अस्सल अग्निरोधक अशी एकच वस्तू आहे, ती म्हणजे हद्द. आगीत विटा तडकतात, सळया वाकतात, काचा फुटतात. हद्दीला मात्र काजळीचा डागसुद्धा लागत नाही. आग विझली की पंचनाम्याआधी ती बाहेर काढतात आणि ती कोरी करकरीत निघते.

उजळणी करू. 29 ऑक्टोबर 2016 ला औरंगपुऱ्यातला फटाका बाजार पेटला. शंभरावर दुकानं गेली, शेजारी लावलेल्या गाड्या गेल्या आणि लक्ष्मीपूजनाचे फटाके गावानं आदल्याच दिवशी ऐकून घेतले. मैदान महापालिकेच्या ऐन पोटात, पण मालकी जिल्हा परिषदेची. 31 डिसेंबर 2023 ला मध्यरात्रीनंतर वाळूजला हातमोज्यांच्या कारखान्यात आग लागली आणि आतच झोपलेले सहा कामगार गेले. हद्द एमआयडीसीची. त्यानंतर चौथ्या महिन्यात, 3 एप्रिल 2024 ला पहाटे, छावणीच्या दाणाबाजारात खाली कपड्यांचं दुकान आणि वर घर असलेल्या इमारतीत एकाच कुटुंबातली सात माणसं गेली. ती गुदमरून गेली. त्यांना गाठलं ते धुरानं. हद्द छावणी परिषदेची.

म्हणजे महापालिकेला घरपट्टी भरणाऱ्या माणसानं निर्धास्त झोपावं. आगी लागतात त्या दुसऱ्याकडे. आपल्याकडून फक्त बंब जातात.

अशा निर्धास्त अवस्थेत मी नॅशनल बिल्डिंग कोडचा चौथा भाग उघडला. 2016 ची आवृत्ती, विषय अग्नी आणि जीवसुरक्षा. शिकवणीच्या इमारतीचा जिना दीड मीटर रुंद हवा, बाहेर पडायचं दार किमान एक मीटरचं हवं, आणि ते बाहेरच्या बाजूला उघडायला हवं. दार कुठल्या बाजूला उघडतं याची सरकारला काय पडलीय, असं वाटेल. 1942 मध्ये बॉस्टनच्या कोकोनट ग्रोव्ह नाइटक्लबात 492 माणसं गेली. पुढचं फिरतं दार गर्दीनं अडकलं, आणि आत उघडणारी दारं मागच्या रेट्यापुढे उघडताच येईनात. 1997 मध्ये दिल्लीच्या उपहार चित्रपटगृहात 59 गेले. तिथे जायच्या-यायच्या वाटेवर जादा खुर्च्या बसवल्या होत्या. कोडमधल्या मीटर-सेंटिमीटरांचा हिशेब हा असा झालेला आहे.

आपण दाराची दिशा ठरवतो ती वास्तुशास्त्रावरून. आमच्या ओळखीच्या एका बिल्डरनं आगीची सगळी व्यवस्था आग्नेय कोपऱ्यात केली आहे, कारण आग लागलीच तर ती आग्नेयेलाच लागणार यावर त्याची श्रद्धा आहे. दुसरा जिना ईशान्येला येत होता. वास्तूवाल्यानं हरकत घेतली आणि जिना नकाशावरच राहिला. बावन्न दरवाजांचं शहर म्हणून आपण पाहुण्यांना भडकल दरवाजा दाखवतो, दिल्ली दरवाजा दाखवतो. याच गावात दोनशे पोरं बसवणाऱ्या क्लासला दुसरं दार विचारलं तर संचालक असे बघतात, जणू आपण त्यांच्याकडे त्रेपन्नावा मागितला.

इमारत 15 मीटरच्या वर गेली की कोडच्या लेखी ती उंच इमारत. मग दोन जिने आले, दोन तास आग थोपवणारी दारं आली, बंब फिरेल अशी भोवती सहा मीटर मोकळी जागा आली. ही मोकळी जागा भोगवटा प्रमाणपत्र मिळेपर्यंत खरोखर मोकळी असते, हे बिल्डरांच्या बाजूनं नमूद केलं पाहिजे. अधिकारी येतात, टेप लावतात, चहा घेतात. पुढच्या महिन्यात तिथे जनरेटर येतो, पत्र्याची शेड येते, शेडमध्ये वॉचमनचं बिऱ्हाड येतं आणि बिऱ्हाडाला गॅस येतो. 24 मीटरच्या वरच्या इमारतीत आगीच्या वेळी माणसांनी जमावं म्हणून आसऱ्याची जागा राखून ठेवायची असते. तिथे वर्षभर जुने कूलर जमतात आणि गणपतीत दहा दिवस माणसं.

पण या सगळ्याहून कठीण परीक्षा पाण्याची आहे. इमारतीच्या उंचीप्रमाणे 25 हजार, 50 हजार, 75 हजार लिटर पाणी फक्त आगीसाठी राखून ठेवा, असा दंडक आहे. तो लिहिणाऱ्यांना आपल्या गावची कल्पना नसावी. इथे नळ कधी आठव्या दिवशी येतो, कधी दहाव्या. पैठणचा नाथसागर काठोकाठ भरला की आपण सहकुटुंब जाऊन दरवाजांसमोर फोटो काढतो आणि घरी येऊन टँकरला फोन करतो. अशा माणसाच्या डोक्यावर 25 हजार लिटर पाणी ठेवायचं आणि त्याला हात लावू नको म्हणायचं, हा नियम अग्निशमनाचा नाही, वैराग्याचा आहे. मी एका सोसायटीच्या चेअरमनना विचारलं, तुमची आगीची टाकी भरलेली असते का? ते म्हणाले, "आग लागंल तवा लागंल. धुणं आज हाय." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, माझंही धुणं तुंबलं होतं.

आग विझवायच्या नळीचं तोंड पितळेचं असतं हीसुद्धा कायद्याची एक चूकच. पितळेचा भाव इमारतीतल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. लाल पेटीला काच, काचेआड नळीची गुंडाळी, आणि तोंडाच्या जागी काही नाही, असं दृश्य दिसलं तर इमारत जुनी व नांदती आहे असं समजावं.

जुन्या गावात आणि गुंठेवारीत मात्र हे प्रश्नच येत नाहीत. वीस बाय तीसचा प्लॉट, कुठे मोजणी नाही, कुठे नकाशा नाही, अंगाला अंग लावून घरं. 2001 मध्ये गुंठेवारी नियमित करायचा कायदा आला आणि 2021 मध्ये त्याची मुदत वाढवून 31 डिसेंबर 2020 पर्यंतची बांधकामं आत घेतली. माणसांची घरं कायम झाली, ते योग्यच झालं. भर उन्हाळ्यात कुणाच्या डोक्यावरचं छप्पर काढायचं? शुल्क भरलं की भिंत कायदेशीर होते. गल्ली तेवढी रुंद होत नाही, कारण तिचं शुल्क भरायला कुणी धनी नाही. कोडला बंबासाठी साडेचार मीटरचं फाटक लागतं. इथे गल्लीच्या तोंडाशी पानटपरी, त्यावर फ्लेक्स, फ्लेक्सवर वाढदिवसाचे नेते. बंबानं आधी नेत्यांना ओलांडायचं.

जालना रोडवर याच्या उलट. तिथे जागा आहे, पैसा आहे, पण हवा नाही. पूर्ण दर्शनी भाग काचेचा आणि चकचकीत पत्र्यांचा. उघडणारी खिडकी एक नाही, कारण एसी वाया जातो. धूर बाहेर जाणार कुठून असं विचारलं तर सेंट्रल एसी आहे असं सांगतात. या दर्शनी पत्र्यांच्या पोटात काय भरलं आहे हे बिल विचारल्याशिवाय कळत नाही. लंडनच्या ग्रेनफेल टॉवरला असंच नवं कोरं आवरण चढवलं होतं. त्याच्या पोटात जळणारं प्लास्टिक होतं. 14 जून 2017 च्या रात्री आग त्या आवरणावरूनच वर चढत गेली, 72 माणसं गेली.

आणि सरकार काहीच करत नाही म्हणणारे कृतघ्न आहेत. प्रत्येक आगीनंतर फायर ऑडिटचा आदेश निघतो. 9 जानेवारी 2021 ला भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात दहा तान्ही बाळं गेली, राज्यभरच्या रुग्णालयांचं ऑडिट करायचं ठरलं. त्याच वर्षी 6 नोव्हेंबरला नगरच्या जिल्हा रुग्णालयाचा अतिदक्षता विभाग पेटला. अकरा रुग्ण गेले. ऑडिट म्हणजे काय काय नाही त्याची यादी. यादी तयार झाली की काम झालं. नाही ते आणायचं खातं वेगळं असतं, आणि तिथे पुन्हा हद्द लागते.

सरकारनं स्वतःलाही सूट दिलेली नाही. 21 जून 2012 ला मुंबईत खुद्द मंत्रालय पेटलं. चौथ्या मजल्यावरची आग सहाव्यावर मुख्यमंत्र्यांच्या दालनापर्यंत गेली, पाच माणसं गेली, फायलींचे ढिगारे जळाले. तेव्हा महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, 2006 लागू होता. हा कायदा जबाबदारी सरळ मालकावर नाहीतर भोगवटादारावर टाकतो. यंत्रणा चालू स्थितीत आहे असा परवानाधारक संस्थेचा दाखला त्यानं वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, द्यायचा असतो. त्याचं नाव नमुना ब, बोलीभाषेत बी फॉर्म.

हे वाचून आमच्या सोसायटीत मी विषय काढला आणि बी फॉर्मवाला मुलगा बोलावला. चुणचुणीत होता. गेटवर गाडी लावली, इंजिन चालूच ठेवलं आणि मान वर करून इमारतीकडे पाहिलं.

"पाइप दिसू लागला ना? मग झालं."

मी म्हटलं, बाबा रे, पंप तरी चालू करून बघ.

"पंप चालू केला अन् नाही चालला, तर मला तसं लिहावं लागंल काका. मग तुमचंच काम वाढंल."

वरचं गच्चीचं दार कुलूपबंद आहे, किल्ली पुण्याला मुलाकडे गेलेल्या काकूंकडे आहे, हेही मी सांगितलं. तो समजूतदारपणे हसला. कागद गाडीच्या टाकीवर ठेवून त्यानं शिक्का मारला, चेअरमनांची सही घेतली, आणि गाडीला गिअर टाकता टाकता थांबला.

"जुलैचा आत्ताच करून ठिवू का? दोन्हींचं एकदम केलं तर पाचशे कमी घेतो."

चेअरमन म्हणाले, "पावती कशाची देशील?"