बऱ्हाणपूरचे नाना

बऱ्हाणपूरची सहल काढायची तर नानाच हवेत, असं सावद्यात कुणीही सांगेल. नाना म्हणजे कुणी एक माणूस नव्हे. गल्लीगणिक एक सापडतो. साठीच्या आसपास वय, काही हजार खोडांची केळीबाग, खिशात डायरी आणि इतिहासाची आवड. आवड खरी आहे, हे आधीच सांगून ठेवतो. नाहीतर पुढचं वाचून तुमचा गैरसमज व्हायचा.

स्टेशन गावाला लागून नसल्यामुळे नाना मंडळींना भल्या पहाटे रिक्षांत कोंबतात. फलाटावर पहिलं दर्शन मालधक्क्याचं. इथून वॅगनी भरून आपली केळी दिल्लीला जातात, हे ते पोरांना दरवर्षी सांगतात. पोरं वेफर्स खात ऐकतात.

पॅसेंजरमध्ये खिडकी नानांचीच. डावीकडे सातपुडा, उजव्या अंगाला तापीचं खोरं. बाकीचे डोंगर पाहतात, नाना डोंगर आणि रूळ यांच्या मधलं पाहतात. "ही नवती. ही पिलबाग. ह्याच्यावर करपा आलाय, बघ भो." निंभोरा गेलं, रावेर आलं, तरी पाहणी सुरूच. नानींनी भरीत-पुरीचा डबा उघडून म्हटलं, "अहो, जरा सातपुडा बघा की, किती हिरवा झालाय." नाना म्हणाले, "त्याला भाव नाही."

बऱ्हाणपूर फारुकी सुलतानांच्या खान्देशची राजधानी. त्यामुळे नानांच्या मते तिकडे जाणं म्हणजे सहल नव्हेच, तहसीलच्या गावाला जाण्यासारखं. जामा मशिदीत अरबीबरोबर संस्कृत शिलालेखही आहे, तो ते बोट ठेवून दाखवतात. शाही किल्ल्यात हमामाच्या छतावरची नक्षी दाखवतात. १६३१ मध्ये मुमताज याच गावी चौदाव्या बाळंतपणात गेली, पहिलं दफन तापीपलीकडे झैनाबादला झालं आणि मग तिला आग्र्याला नेलं, हे सांगताना त्यांचा आवाज चढतो. "ताजमहाल आपल्या तापीकाठी व्हायचा! पण संगमरवर पडला लांब राजस्थानात. भाड्यानं मार खाल्ला. केळीचंही तेच होतं."

खरे नाना दिसतात ते कुंडी भंडाऱ्यात. जहांगीरच्या काळात, १६१५ मध्ये, सुभेदार अब्दुल रहीम खानखानानं सातपुड्यातून झिरपणारं पाणी जमिनीखालच्या बोगद्यांतून शहराकडे वळवलं. वर शंभरावर कुंड्या, खाली नुसत्या उतारानं वाहणारं पाणी. लिफ्टनं खाली उतरताच नानांनी गाइडला गाठलं.

"भैया, मोटार कितने एचपी की है?"

"मोटार नहीं है, दादा."

"फिर लाइट का बिल?"

"लाइटही नहीं लगती."

नाना पाण्यात हात घालून उभे. त्यांच्या बोअरचं पाणी वर्षागणिक खाली चाललंय. रावेर-यावल पट्ट्यात हे रडगाणं घरोघरी आहे. वर आल्यावर त्यांनी डायरीत रहीमचं नाव लिहिलं. त्याचे दोहे प्रसिद्ध आहेत असं कुणीतरी सुचवलं, तर म्हणाले, "ते असतील. पण माणूस कामाचा होता."

त्यानंतर नाना नाहीसे होतात. बायका मावा जिलेबीच्या दुकानात, पोरं तापीच्या राजघाटावर, आणि नाना केळीच्या मंडीत. बऱ्हाणपूरच्या लिलावात काय भाव निघाला यावर सावदा-रावेरच्या पारावर रोज वाद होतो. तो भाव डोळ्यांनी पाहायचा, त्यासाठी मुमताजला साक्षीला धरायचं, असा हा सगळा बेत. तासाभरानं नाना येतात ते तणतणत. "आपल्यापेक्षा जास्त दिला भो! माल तोच, नदी तीच!" परतीच्या गाडीत मोगल नाहीत, फारुकी नाहीत. फक्त भाव आणि व्यापारी.

तरीही बऱ्हाणपूरला जायचं असेल तर नानांबरोबरच जा. असा गाइड पैसे देऊन मिळत नाही. फक्त मंडी बंद असेल असा दिवस निवडा.